टोकियोत लॅपटॉपचे स्पीकर घेताना

टोकियोत नोकरीसाठी किंवा शिकायला आलेल्या मराठी माणसाच्या खोलीत बहुतेक वेळा टीव्ही नसतो, म्युझिक सिस्टीमही नसते. जे काही असतं ते लॅपटॉपवर. बातम्या, नाटकं, गाणी आणि घरच्यांशी व्हिडिओ कॉल, सगळं तिथेच. थोड्या दिवसांत त्याच्या पिचक्या आवाजाचा कंटाळा येतो आणि स्वस्तातले स्पीकर घ्यायचं मनात येतं. खर्च फार नाही. पण परक्या शहरात, तेही दोन-तीन वर्षांसाठी राहत असताना, कोणते घ्यायचे हे आधी समजून घेतलं तर पैसे वाया जात नाहीत.

आधी लॅपटॉपचा आवाज पिचका का, ते पाहू. खर्जातले स्वर ऐकू यायचे तर स्पीकरच्या पडद्याला पुष्कळ हवा हलवावी लागते. त्यासाठी पडदा मोठा हवा किंवा त्याला पुढेमागे सरकायला जागा हवी. चपट्या लॅपटॉपमध्ये दोन्ही नसतं. त्यामुळे साधारण 200 हर्ट्झच्या खालचा आवाज झपाट्याने गळत जातो. काळी एकच्या आसपास गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार 70 हर्ट्झच्या आगेमागे असते. लॅपटॉपवर तिचा मूळ स्वर जवळपास येतच नाही. वरच्या स्वनांवरून आपला कान तो मनातल्या मनात भरून काढतो, म्हणून तानपुरा ओळखू येतो, पण भरदार वाटत नाही. तबल्यात डग्ग्याची घुमक हरवते आणि चाटीची टिकटिक तेवढी उरते. दोन-तीन इंचांचा पडदा आणि त्यामागे लहानशी पेटी मिळाली तरी हे चित्र बरंच सुधारतं. म्हणजे मोठ्या सिस्टीमची गरज नाही, लहान पण वेगळी पेटी पुरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं: वीज. जपानच्या घरात वीज 100 व्होल्टची येते, भारतात 230 व्होल्टची. टोकियोसह पूर्व जपानात ती 50 हर्ट्झची आणि ओसाकासह पश्चिमेत 60 हर्ट्झची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन आणि ओसाकाने अमेरिकन जनित्रं आणली, तेव्हापासूनची ही विभागणी. स्पीकरच्या बाबतीत हर्ट्झची फारशी चिंता नको, चिंता व्होल्टची. भिंतीतल्या सॉकेटला लावायच्या स्पीकरची पाठ किंवा त्याचा अडॅप्टर उलटा करून बारीक अक्षरं वाचा. ‘एसी 100–240 व्ही’ असं असेल तर तो दोन्ही देशांत चालेल, फक्त पिन बदलावी लागेल. नुसतं ‘एसी 100 व्ही’ असेल तर तो जपानपुरताच. ट्रान्सफॉर्मर आतच बसवलेला असा स्पीकर पुण्यात किंवा कोल्हापुरात सॉकेटला लावला की फ्यूज उडतो किंवा ट्रान्सफॉर्मर जळतो. व्होल्टेज उतरवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण स्वस्त स्पीकरपेक्षा तोच जड आणि महाग पडतो. उलट्या दिशेनेही हेच. घरून आणलेले फक्त 230 व्होल्टवर चालणारे जुने स्पीकर टोकियोत उपाशी राहतात, आवाज क्षीण आणि फाटका येतो.

यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे यूएसबीवर चालणारे स्पीकर. यूएसबीची वीज जगात कुठेही 5 व्होल्टच असते. लॅपटॉप चालू आहे तिथे हे स्पीकर चालतात, मग गाव कोणतंही असो. परत जाताना ते बॅगेत कपड्यांच्या घडीत मावतात.

मात्र यूएसबी स्पीकरच्या खोक्यावरचे वॉट बघून हुरळू नका. साध्या यूएसबी 2.0 पोर्टमधून ठरलेल्या नियमाप्रमाणे 5 व्होल्टला 0.5 अँपिअर मिळतात, म्हणजे 2.5 वॉट. यूएसबी 3.0 मधून 0.9 अँपिअर, म्हणजे 4.5 वॉट. तेव्हा अशा पोर्टवर चालणाऱ्या खोक्यावर मोठ्या अक्षरात 10 वॉट लिहिलेले असतील, तर तो क्षणभराच्या शिखराचा आकडा समजावा. सतत मिळणारी ताकद आत येणाऱ्या विजेपेक्षा जास्त असू शकत नाही. पण हेही लक्षात घ्या, की इथे वॉटची भूक फार नसते. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. सहा तातामी चटयांची खोली म्हणजे जेमतेम दहा चौरस मीटर. तिथे टेबलावर हातभर अंतरावर ठेवलेल्या स्पीकरला एक-दोन वॉट पुष्कळ झाले.

दुसरा प्रश्न जोडणीचा. 3.5 मिलिमीटरची जुनी ऑडिओ पिन, यूएसबीतूनच येणारा आवाज, आणि ब्लूटूथ असे तीन मार्ग आहेत. पिनवाल्या स्पीकरला आवाज पिनमधून आणि वीज यूएसबीतून मिळते. तो ऑडिओचं भोक असलेल्या फोनलाही लागतो आणि नादुरुस्त व्हायला त्यात फार काही नसतं. तुमच्या लॅपटॉपला ऑडिओचं भोकच नसेल, तर एकाच यूएसबी तारेवर आवाज आणि वीज दोन्ही घेणारा स्पीकर बघा. ब्लूटूथ सोयीचं, पण आवाज दशांश-दोन दशांश सेकंद मागे पडतो. चित्रपट दाखवणारी ॲप हे अंतर बरंचसं सांभाळून घेतात. मात्र ऑनलाइन गाण्याची किंवा तबल्याची शिकवणी चालू असेल, तर तारेला पर्याय नाही.

ब्लूटूथ स्पीकर भारतातून न्यायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट. जपानमध्ये रेडिओ लहरी सोडणाऱ्या उपकरणावर ‘गितेकी’ नावाचं प्रमाणचिन्ह लागतं. परदेशी पाहुण्यांना, उपकरण आंतरराष्ट्रीय मानकांत बसत असेल तर, 90 दिवसांची सवलत आहे. तिथे राहणाऱ्याला ती लागू नाही. तारेच्या स्पीकरला हा प्रश्नच येत नाही. भिंतीच्या सॉकेटला लावायच्या अडॅप्टरवर मात्र ‘पीएसई’ हे विद्युत सुरक्षेचं चिन्ह, चौकोन टोकावर उभा केल्यासारख्या आकृतीत, आहे ना हे बघून घ्या.

आता खरेदी. टोकियोच्या एदोगावा विभागातल्या निशिकासाईला भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथून तोझाई लाइनने कायाबाचोला उतरून हिबिया लाइन पकडली, की अकिहाबारा येतं. दुसऱ्या महायुद्धानंतर रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या टपऱ्यांपासून हा बाजार उभा राहिला. रुळांखालच्या चिंचोळ्या बोळांत वायर, पिना आणि स्विच विकणारी छोटी दुकानं आजही आहेत. जादा लांबीची तार किंवा पिन बदलणारा जोड तिथे नक्की मिळतो. स्पीकरसाठी मात्र योदोबाशी कॅमेरा किंवा बिक कॅमेरा यांसारखं मोठं दुकान बरं, कारण पुष्कळ मॉडेल मांडून ठेवलेली असतात. ऐकून बघायची सोय असेल तर तुमचीच ओळखीची दोन गाणी लावा, एक नुसत्या आवाजाचं आणि एक तबल्याचं. आवाज पूर्ण वाढवून पेटी खरखरते का ते पाहा, मग अगदी कमी करून दोन्ही बाजू सारख्या ऐकू येतात का ते पाहा. स्वस्त स्पीकरची खरी परीक्षा या दुसऱ्या टोकालाच होते.

साधे यूएसबी स्पीकर एक ते तीन हजार येनांत मिळतात. अलीकडच्या दराने शंभर येन म्हणजे साधारण 55 ते 60 रुपये. 10 टक्के उपभोग कर धरून एकूण किंमत दाखवणं एप्रिल 2021 पासून दुकानांना बंधनकारक आहे, तरी पाटीवरचा मोठा आकडा करासकट आहे की कराविना हे नीट बघा. ‘टॅक्स-फ्री’ची पाटी पर्यटकांसाठी असते, तिथे राहून नोकरी करणाऱ्यासाठी नव्हे.

आणखी स्वस्तात हवे असतील तर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. निगाता प्रांतात 1993 मध्ये सुरू झालेल्या ‘हार्ड ऑफ’च्या शाखा आता देशभर आहेत. तिथे ‘जंक’ म्हणून ठेवलेला माल काही शे येनांत मिळतो, पण त्याची हमी नसते आणि तो परतही घेत नाहीत. असा स्पीकर घेताना पडद्याच्या कडेचा फोम बोटाने हलकेच दाबून बघा. दमट हवेत तो कुजतो आणि हात लावताच भुगा होतो. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येत असेल तर ते झिजलेलं आहे. अडॅप्टर जोडीला नसेल तर सरळ खाली ठेवा, कारण हुडकण्यात किमतीपेक्षा जास्त पैसे जातात.

नव्या स्पीकरवर बहुधा वर्षाची वॉरंटी असते, तीही सहसा जपानपुरती. पावती आणि वॉरंटी कार्ड एकत्र जपून ठेवा. वस्तू बिघडलेली निघाली तर बदलून मिळते, पण नुसती आवडली नाही म्हणून परत घ्यायला दुकानदार कायद्याने बांधलेला नाही. ऑनलाइन खरेदीतही विक्रेत्याने लिहिलेल्या अटी चालतात. त्याने परतीविषयी काहीच लिहिलं नसेल, तरच आठ दिवसांत स्वखर्चाने परत पाठवता येतं.

एक मोह टाळा, वेगळ्या सबवूफरचा. टोकियोतल्या स्वस्त भाड्याच्या घरांच्या भिंती पातळ असतात, आणि खर्जाचा आवाज भिंत आणि जमीन ओलांडून सगळ्यात सहज पलीकडे जातो. त्यात टोकियो भारताच्या साडेतीन तास पुढे. घरचे जेवणं आटोपून रात्री नऊला फोन करतात, तेव्हा इथे साडेबारा वाजलेले असतात. शेजारी सहसा तुमच्या दारावर येत नाही, तक्रार थेट इमारतीच्या व्यवस्थापनाकडे जाते. म्हणून दोन लहान पेट्याच घ्या. त्या आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण होईल अशा, कानाच्या उंचीकडे किंचित वर वळवून ठेवा. खाली जाडसर रबर किंवा दुमडलेला नॅपकिन घातला की टेबल घुमत नाही.

पेट्या लहान घेण्याचं आणखी एक कारण म्हणजे कचरा. टोकियोच्या 23 विभागांत, जिची एक बाजू सुमारे 30 सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी आहे अशी वस्तू टाकायची तर आगाऊ नोंदणी करून शुल्काची चिठ्ठी चिकटवावी लागते. तेव्हा पेटी त्याहून लहान असलेली बरी.

थोडक्यात, दोन-तीन हजार येनांची, यूएसबीवर चालणारी, 3.5 मिलिमीटर पिनची, पुढच्या बाजूला आवाजाचं बटण असलेली साधी जोडी घ्या. दुकानात आधी पाठीवरचं लेबल वाचा आणि मग गाणं लावा. परत यायचं ठरलेलं असेल तर 100 व्होल्टवालं मॉडेल कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.