इतिहासाच्या बाईंची शाळा

शिक्षकांचं प्रशिक्षण म्हटलं की आपल्याला आठवतं ते हजेरीपत्रक, भाषण, चहा आणि प्रमाणपत्र. बडोद्यात ३१ वर्षं इतिहास शिकवताना मीही अशी पुष्कळ शिबिरं पाहिली. त्यामुळे अमेरिकेत व्हर्जिनियात इतिहास शिकवणारी माझी भाची तिथल्या प्रशिक्षणाबद्दल सांगू लागली, तेव्हा मी कान टवकारले.

अमेरिकेत २००१ साली सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या आग्रहाने इतिहासशिक्षकांसाठी खास अनुदान योजना सुरू झाली. अट एकच, शाळांनी विद्यापीठ, संग्रहालय किंवा ग्रंथालय अशा कुणाला तरी बरोबर घ्यायचं. दहाएक वर्षांनी तो सरकारी पैसा थांबला, पण रीत टिकली. न्यूयॉर्कची गिल्डर लेहरमन संस्था, लायब्ररी ऑफ काँग्रेस यांनी शिक्षकांसाठी असे वर्ग चालू ठेवले. शिक्षक तिथे पुन्हा विद्यार्थी होऊन अस्सल कागद वाचतात.

या रीतीमागे एक साधा प्रयोग आहे. सॅम वाइनबर्ग या संशोधकाने १७७५च्या लेक्झिंग्टनच्या चकमकीचे कागद ८ इतिहासकार आणि ८ हुशार शाळकरी मुलांपुढे ठेवले. १९९१ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. मुलं बहुधा पहिल्या ओळीपासून वाचत गेली. इतिहासकार मात्र आधी खाली नजर टाकून पाहत होते, लिहिलंय कोणी आणि केव्हा?

भाचीला ही सवय जेफरसनच्या धड्याला उपयोगी पडली. सर्व माणसं समान आहेत, असं १७७६च्या जाहीरनाम्यात लिहिणारा हा माणूस आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलामांचा मालक होता. त्याच्या शेतीच्या वहीत त्यांची नावं आहेत, कुणाला कापड दिलं, कुणाला घोंगडी, तेही आहे.

ती म्हणाली, "मावशी, माझ्या वर्गात गुलामांच्या वंशातली मुलंही आहेत. मी गप्प बसले तर ती दुखावतात, बोलले तर दुसऱ्या कुणाचे आईवडील तक्रार करतात. म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवते आणि विचारते, हा कोणी लिहिला, कुणासाठी? मग मुलंच बोलतात."

मला हे पटलं. अवघड इतिहास टाळून शिक्षक सुरक्षित राहतो, पण मुलं मात्र ऐकीव गोष्टींवर वाढतात. कागद वाचता येणारा शिक्षक घाबरत नाही, कारण त्याच्या हातात पुरावा असतो.

आपल्याकडे गायकवाडी काळापासून स्थिरावलेल्या कित्येक घरांत मोडीतली पत्रं, हिशेबाच्या वह्या ट्रंकेत पडून असतात. तुमच्याकडे असतील तर रद्दीत घालू नका. मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या आणि नातवंडांना बोलवा. पूर्वजांचं कौतुक नंतर सांगा. आधी त्यांना विचारू द्या, "आजी, हे लिहिलं कोणी? आणि यात कुणाचं नाव राहून गेलं?"