स्वप्नात आलेलं जनावर

टेंभी नाका म्हटलं की ठाणेकराला आधी नवरात्रातली दुर्गेश्वरी आठवते. पण याच नाक्यावर मुनिसुव्रत स्वामींचं जैन देरासरही आहे. भाविक त्याला कोकण शत्रुंजय म्हणतात. श्रीपाल आणि मयणासुंदरीच्या कथेमुळे ठाण्याचं नाव दूरदूरच्या जैन घरांत घेतलं जातं. मुनिसुव्रत हे विसावे तीर्थंकर आणि त्यांचं चिन्ह कासव. देवीच्या मांडवाची लगबग सुरू होण्याच्या बरंच आधी, श्रावण सरता सरता श्वेतांबरांचं पर्युषण येतं. त्यातल्या पाचव्या दिवशी महावीरांच्या जन्माचं वाचन होतं आणि चक्क स्वप्नांची मिरवणूक निघते.

महावीर पोटात असताना त्रिशलादेवीला चौदा स्वप्नं पडली, असं कल्पसूत्र सांगतं. श्वेतांबर देरासरांत त्या स्वप्नांच्या चांदीच्या प्रतिमा करून ठेवलेल्या असतात. जन्मवाचनाच्या दिवशी एकेक प्रतिमा वरून दोरीने अलगद खाली सोडतात. कोणतं स्वप्न कोणी उतरवायचं यासाठी बोली लागते आणि जुन्या रिवाजाप्रमाणे ती तुपाच्या मणांत बोलतात. पहिला येतो हत्ती, मग वृषभ, मग सिंह. त्यानंतर लक्ष्मी, पुष्पमाळ, चंद्र, सूर्य, ध्वज, कलश, पद्मसरोवर, क्षीरसागर, देवविमान, रत्नराशी आणि शेवटी धूर नसलेला अग्नी. दिगंबर परंपरेत स्वप्नं सोळा आहेत, त्यांत माशांची जोडी आहे. सुरुवातीला मात्र दोन्हीकडे जनावरंच.

या कथेतला पुढचा भाग मला फार मोलाचा वाटतो. स्वप्नं पाहून त्रिशला जागी होते, राजा सिद्धार्थाला सांगते आणि उरलेली रात्र जागून काढते. नंतर एखादं वाईट स्वप्न पडलं तर चांगल्याचं फळ जाईल, ही तिची काळजी. आपल्याकडच्या आज्याही हेच सांगत, की चांगलं स्वप्न पडलं की पुन्हा डोळा लावू नये. सकाळी राजा स्वप्नपाठकांना बोलावतो. ते सांगतात, आमच्या शास्त्रात एकूण बहात्तर स्वप्नं आहेत, त्यांतली बेचाळीस साधी आणि तीस महास्वप्नं. तीर्थंकराच्या किंवा चक्रवर्तीच्या मातेला त्या तिसांतली चौदा दिसतात, वासुदेवाच्या मातेला सात, बलदेवाच्या मातेला चार आणि मांडलिक राजाच्या मातेला एक. म्हणजे हत्ती दिसला एवढ्यावर कोणताही पाठक निकाल देत नाही. स्वप्न कोणाला पडलं, त्याबरोबर आणखी काय दिसलं आणि पाहणारी व्यक्ती तेव्हा कोणत्या अवस्थेत होती, हे सगळं तो विचारात घेतो.

बौद्ध परंपरेत मायादेवीच्या स्वप्नात पांढरा हत्ती येतो. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात ते चित्र आहे, आणि ज्या कल्याणच्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीला दानं दिली त्यांना ही कथा परकी नसणार. हत्ती म्हणजे राजा, पाऊस, वैभव. ज्या समाजात हत्ती दारी झुलणं हे भाग्याचं शिखर होतं, त्या समाजाच्या स्वप्नात तो शुभच ठरणार.

उलट बाजूला गाढव, उंट, रानडुक्कर. वाल्मीकी रामायणात त्रिजटा राक्षसींना आपलं स्वप्न सांगते. त्यात राम चार दातांच्या हत्तीवर येतो. रावण डुकरावर, इंद्रजित सुसरीसारख्या जलचरावर आणि कुंभकर्ण उंटावर बसून दक्षिणेकडे जातो. आजोळी असलेल्या भरतालाही दशरथ गाढवं जुंपलेल्या रथातून दक्षिणेला जाताना दिसतो. दक्षिण ही यमाची दिशा. अपशकुन असतो तो वाहनात आणि दिशेत; गाढव नुसतं उकिरड्यावर उभं असतं तर त्रिजटा घाबरली नसती.

पंचांगांत आणि रस्त्यावर मिळणाऱ्या स्वप्नफळांच्या पुस्तिकांत ही सगळी गुंतागुंत गळून पडली आहे. तिथे उरली ती यादी. पांढरा साप उजव्या हाताला डसला तर धनलाभ, रेडा दिसला तर संकट, गाय दिसली तर लाभ. घुबडाचं काय करायचं, हे मात्र या याद्यांना धड ठरवता येत नाही. लक्ष्मीचं वाहन म्हणून ते शुभ आणि घरावर ओरडलं म्हणून अशुभ. एकाच प्राण्याला दोन अर्थ, आणि दोन्ही माणसांनी दिलेले.

या याद्यांचं सर्वात कडक परीक्षण सापडतं चरकसंहितेत. इंद्रियस्थान हा चरकाचा भाग रोग्याची अखेरची लक्षणं ओळखण्याविषयी आहे. वैद्याने कोणता रोगी हाती घ्यावा आणि कुठे थांबावं, याचं ते शास्त्र. त्याच्या पाचव्या अध्यायात स्वप्नं आहेत आणि प्राणीही आहेत. कुत्र्यांवर, उंटांवर किंवा गाढवांवर बसून दक्षिणेकडे जाण्याचं स्वप्न राजयक्ष्म्याचं म्हणजे क्षयाचं पूर्वचिन्ह मानलंय. प्रेतांबरोबर मद्य पीत असता कुत्रा ओढून नेतो, असं स्वप्न घोर ज्वराचं.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हीही यादीच. पण याच अध्यायात चरक स्वप्नांचे सात प्रकार करतो : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. म्हणजे जे पाहिलं ते, जे ऐकलं ते, जे भोगलं ते, ज्याची इच्छा धरली ते, जे मनाने रचलं ते, पुढे घडणारं आणि शरीरातल्या बिघाडातून आलेलं. यांतल्या पहिल्या पाच प्रकारांना काहीही फळ नाही, असं तो वैद्याला स्पष्ट बजावतो. दिवसा पडलेलं स्वप्न निष्फळ, फार लांबलेलं निष्फळ, फार आखूडही निष्फळ. स्वप्नाला घाबरणाऱ्या प्रत्येक घरात हे वाक्य पोचायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आपली बहुतेक स्वप्नं या पाच कप्प्यांतच बसतात. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ हे आपण म्हणतो, पण साप दिसला की नेमकं तेच विसरतो.

सापाचं घेऊ. महाराष्ट्रात स्वप्नातल्या प्राण्यांमध्ये सर्वात जास्त भीती त्याचीच. वारंवार साप दिसतो म्हटलं की कोणीतरी कालसर्पाचं, पितृदोषाचं नाव काढतं आणि बोलणं त्र्यंबकेश्वरच्या नारायण-नागबळीवर जाऊन थांबतं. श्रद्धेने केलेल्या विधीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण भेदरलेल्या माणसाच्या स्वप्नाचा हिशेब पैशांत मांडला जातो, तेव्हा राग येतो. ज्या मुलखात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप शेताच्या बांधावर भेटतात, तिथे साप स्वप्नात येणार नाही तर काय येणार? येऊरच्या पायथ्याच्या वस्तीत पावसाळ्यात दारात साप निघतो, शेजारीपाजारी आठवडाभर त्याचीच चर्चा करतात. दृष्ट आणि श्रुत, दोन्ही कप्पे एकदम भरतात.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दंश पुष्कळदा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळायला त्रास होतो. असा माणूस ‘काहीतरी चावल्यासारखं वाटलं, स्वप्न असेल’ म्हणाला तरी अर्थ शोधत बसू नये. त्याला थेट प्रतिसर्पविष मिळणाऱ्या रुग्णालयात न्यावं.

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आपण म्हणतो. जुन्या स्वप्नग्रंथांत प्रहरांचा हिशेबही आहे : पहिल्या प्रहरातल्या स्वप्नाचं फळ वर्षभराने, पहाटेच्या स्वप्नाचं दहा दिवसांत. याची दुसरी बाजू १९५३ साली शिकागोत उजेडात आली. युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतला एक टप्पा नोंदवला. त्यात मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात आणि तेव्हा उठवलेली माणसं बहुधा स्वप्न सांगतात. हा टप्पा रात्रीत चार-पाच वेळा येतो. पहिल्यांदा काही मिनिटांचा, पहाटेकडे अर्ध्या तासाचा किंवा जास्तही. म्हणून पहाटेचं स्वप्न लांब, रंगीत, कथेसारखं असतं, आणि त्यातूनच जाग येते म्हणून ते लक्षातही राहतं. पहाटेच्या स्वप्नाचा दबदबा आला तो इथून.

मग प्राणी किती दिसतात? कॅल्व्हिन हॉल आणि रॉबर्ट व्हॅन डी कॅसल यांनी १९६६ साली अमेरिकेतल्या १०० विद्यार्थी आणि १०० विद्यार्थिनींची प्रत्येकी पाच, म्हणजे एकूण १००० स्वप्नं मोजूनमापून मांडली. स्वप्नातल्या एकूण पात्रांमध्ये प्राणी पुरुषांकडे सुमारे सहा टक्के आणि स्त्रियांकडे चार टक्के निघाले. लहान मुलांत हे प्रमाण कितीतरी जास्त असतं आणि वय वाढेल तसं उतरत जातं. डेव्हिड फॉक्स यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपेच्या प्रयोगशाळेत उठवून विचारलं, तेव्हा बरीच मुलं काहीच सांगत नसत. जी सांगत त्यांच्या स्वप्नात पुष्कळदा एखादा प्राणी नुसता उभा असे. गोष्ट नाही, पाठलाग नाही.

ठाण्यातल्या मुलाच्या स्वप्नात बिबट्या आला तर नवल काय? घोडबंदर रोडवर वाघबीळ नावाचा बसथांबा आहे, पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. फेब्रुवारी २०१९ मध्ये शहरातल्या एका मॉलमध्ये बिबट्या शिरला, जवळच्या हॉटेलच्या तळघरात तो सापडला आणि दिवसभर घराघरांत त्याचे व्हिडिओ फिरले. जंगलाच्या कडेने राहणारी वारली माणसं वाघोबाला देव मानतात. आपण वसुबारसेला गाय-वासराची पूजा करतो, त्याच सुमाराला त्यांच्याकडे वाघबारस असते. तिथल्या पोराला रात्री वाघ दिसला तर घरचे त्याला देव दिसला असं म्हणू शकतात. बाराव्या मजल्यावरच्या पोराला दिसला तर ते आईच्या कुशीत शिरतं. वाघ तोच, घराघरातलं त्याच्याशी असलेलं नातं निराळं.

कोकणातल्या कितीतरी स्वयंभू पिंडींच्या कथाही या नात्याच्याच. गाय रोज एकाच जागी पान्हा सोडते, गुराख्याला कोडं पडतं आणि मग मालकाला रात्री दृष्टांत होतो. दिवसभर ज्या गाईची चिंता, तीच रात्री देवाचा निरोप घेऊन येते.

युरोपात सिग्मंड फ्रॉइडने एका लांडग्यांच्या स्वप्नावरून मोठा डोलारा उभा केला. रशियन रुग्ण सर्गेई पांकेयेव्ह याला चारेक वर्षांचा असताना स्वप्न पडलं होतं : खिडकी आपोआप उघडते आणि बाहेरच्या अक्रोडाच्या झाडावर पांढरे लांडगे निश्चल बसून त्याच्याकडे पाहतात. फ्रॉइडने १९१८ साली छापलेल्या लेखात हे लांडगे थेट आईवडिलांच्या शयनगृहापर्यंत नेऊन भिडवले. पांकेयेव्हने म्हातारपणी एका पत्रकार बाईंना सांगितलं, की हा अर्थ त्याला फारच ओढूनताणून आणलेला वाटतो. लहानपणी त्याची बहीण गोष्टीच्या पुस्तकातलं उभ्या लांडग्याचं चित्र दाखवून त्याला रडवायची, हेही त्याने फ्रॉइडला सांगितलं होतं. चरकाने हे स्वप्न पहिल्याच कप्प्यात टाकलं असतं. मीही तिथेच टाकीन.

म्हणून स्वप्नात जनावर आलं तर पुस्तिका उघडण्याआधी स्वतःलाच काही विचारावं. हा प्राणी गेल्या दोन-चार दिवसांत कुठे पाहिला, कोणाच्या तोंडून ऐकला? लहानपणी त्याच्याशी काय घडलं होतं? स्वप्नात भीती वाटली, की दया आली, की आनंद झाला? कुत्रा चावलेल्या माणसाचा कुत्रा आणि कुत्रा गमावलेल्या माणसाचा कुत्रा यांना एकच फळ कोण देणार?

मूल रोज त्याच वाघाला घाबरून उठत असेल तर एक साधा उपाय आहे. दिवसा, उजेडात, त्याला वाघाचं चित्र काढू द्यावं आणि गोष्टीचा शेवट त्यालाच बदलायला सांगावं. वाघ दमून झोपला, वाघाला काटा बोचला, काहीही. नवी गोष्ट झोपण्यापूर्वी दोन-तीनदा मनात घोळवायची. मोठ्यांच्या दुःस्वप्नांवर मानसोपचारात हीच रीत वापरतात. बॅरी क्रॅको यांनी अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर ती करून पाहिली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांची दुःस्वप्नं कमी झाली आणि झोप सुधारली.

चरकाचा सातवा कप्पा, दोषज, मात्र अजून पुरता बंद झालेला नाही. स्वप्न पडताना आपले हातपाय सैल पडलेले असतात, मेंदूच त्यांना अडवून धरतो. काही माणसांत, विशेषतः पन्नाशीपुढच्या पुरुषांत, हा अडसर निकामी होतो. मग स्वप्नात कुत्रा अंगावर आला की माणूस खरोखर लाथ मारतो, ओरडतो, पलंगावरून पडतो, शेजारी झोपलेल्या बायकोला गुद्दा बसतो. कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी १९८६ साली या विकाराचं वर्णन केलं. पुढच्या अभ्यासांत दिसलं की दिवसा शांत असणाऱ्या या माणसांच्या स्वप्नांत हल्ले आणि प्राणी इतरांपेक्षा जास्त येतात. २४ केंद्रांतल्या १२८० रुग्णांवर नजर ठेवून २०१९ साली मांडलेला निष्कर्ष असा, की बारा वर्षांत सुमारे ७३ टक्क्यांना पार्किन्सन किंवा त्याच जातकुळीचा मेंदूचा आजार जडला.

अर्थात झोपेत एकदा लाथ मारली म्हणून पार्किन्सन होत नाही. घोरताना श्वास अडकत असेल किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्या चालू असतील तरी असं घडू शकतं. पण असे प्रकार वारंवार होऊ लागले तर घरच्यांनी मोबाइलवर चित्रण करून ठेवावं आणि न्यूरॉलॉजिस्टला दाखवावं. तो रात्रभराची झोपेची तपासणी करायला सांगेल. स्वप्नात काय दिसतं, हेही विचारेल, तेव्हा संकोच न करता कुत्रा, बैल, साप, जे असेल ते सांगावं. तोवर पलंग भिंतीला लावावा, दुसऱ्या बाजूला जमिनीवर गादी टाकावी, उशाशी काचेचा तांब्या किंवा दिवा ठेवू नये आणि जोडीदाराने काही दिवस वेगळं झोपावं.