आधी मुळं वाचवा

नागपुरात मे महिन्यात दुपारी गच्चीवर अनवाणी पाऊल टाकता येत नाही. पारा 45च्या आसपास असतो. अशा गच्चीवर मी मातीशिवाय भाजी पिकवते म्हटलं, की बायका विचारतात, "अहो, पानं करपत नाहीत का?" पानांचं पुढे बघू. उन्हाळ्यात हायड्रोपोनिक्स बुडतं ते मुळांपायी.

मुळं खताच्या पाण्यात असतात आणि श्वासही तिथेच घेतात. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशांना जेमतेम 7. मुळांची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढते. त्यात गरम पाण्यात पिथियममुळे होणारा मूळकुजीचा रोग हातपाय पसरतो. निरोगी मुळं पांढरीशुभ्र असतात. रोगट मूळ तपकिरी, बुळबुळीत होतं. चिमटीत धरून हलकंसं ओढलं तर साल निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो. वर पाहावं तर झाड भर पाण्यात मान टाकून उभं!

म्हणून माझी टाकी जिन्याच्या सावलीत आहे, भोवती ओलं गोणपाट. विदर्भाची हवा कोरडी, त्यामुळे गोणपाटातलं पाणी उडताना टाकीची उष्णता घेऊन जातं. कोकणच्या दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही. तिथे सावली आणि मोठी टाकी यांवर भर द्यावा, कारण जास्त पाणी सावकाश तापतं. माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. पानांसाठी वर 50 टक्के सावलीची हिरवी जाळी पुरते.

पाइपांतून पाण्याची पातळ धार सोडायची पद्धत दिसते देखणी, पण भर दुपारी वीज गेली की मुळं बघता बघता सुकतात. मला कोकोपीट भरलेल्या बादल्याच भरवशाच्या वाटतात. त्यांत ओल टिकते. हायड्रोपोनिक्सचे अभ्यासक शोल्टो डग्लस यांनी 1940च्या दशकात कालिम्पाँगला जे प्रयोग केले, तेही वाळू-खडीच्या साध्या वाफ्यांवर. सामान्य माणसाला परवडेल असं तंत्र त्यांना हवं होतं, आणि मला तो विचार फार मोलाचा वाटतो.

उन्हात झाड पाणी भराभर पितं, क्षार मागे राहतात आणि द्रावण कडक होतं. टाकीची पातळी उतरली की आधी क्षारांचं प्रमाण दाखवणारा ईसी मीटर बुडवून पाहावा. आकडा चढलेला असेल तर खत न घालता साधं पाणी भरावं. पीएच साडेपाच ते साडेसहा ठेवावा. नवी रोपं ऊन उतरल्यावरच लावावीत.

आणि पीक ऋतूचं निवडावं. मायाळू, चवळई, भेंडी या उन्हाला धार्जिण्या भाज्या. मायाळूचा वेल तर आवरता आवरत नाही. लेट्यूस मात्र मे महिन्यात तुऱ्यावर येतं, कडू होतं. त्याचं बी नोव्हेंबरपर्यंत डब्यात राहू द्या.