आवडता क्वार्टरबॅक कोणता? – ग्रीन बे शहरांतील एक न मिटणारा वाद

कोणत्याहि खेळाचे रसिक दोन प्रकारचे असतात. कांहीं सामना पाहतात, टाळ्या वाजवितात आणि घरीं येऊन विसरून जातात. दुसऱ्यांच्या बाबतींत सामना संपल्यावरच खरी मौज सुरू होते. ती जेवणाच्या पानावर, माजघरांत आणि ओसरीवर वर्षानुवर्षें पुरते. गावसकर श्रेष्ठ कीं तेंडुलकर, हा प्रश्न निघाला म्हणजे एकाच घरांत वडिलांचा पक्ष कोणता आणि मुलांचा कोणता, हें वाचकांस सांगावयास नको. असाच एक वाद अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत, ग्रीन बे नांवाच्या लहानशा शहरांत, गेलीं कित्येक वर्षें चालू आहे. तेथील 'ग्रीन बे पॅकर्स' ह्या फुटबॉल-संघाच्या इतिहासांत आपला आवडता क्वार्टरबॅक कोणता, हा त्या वादाचा विषय. विषय परक्या खेळाचा खरा. परंतु त्यांतून माणसाच्या आवडीनिवडीचें जें दर्शन घडतें, तें मुळींच परकें नाहीं.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊं. आपण ज्याला फुटबॉल म्हणतों तो हा नव्हे. ह्यांतील चेंडू दोन्ही टोकांस निमुळता असतो व पायापेक्षां हातानेंच अधिक खेळविला जातो. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी असतात. चेंडू ज्या संघाच्या ताब्यांत असेल त्याला चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकावें लागतें; तें साधलें तर आणखी चार प्रयत्न मिळतात, न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. असें करीत करीत चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोंचविला कीं 'टचडाऊन' होतो आणि सहा गुण मिळतात. ह्या सर्व हालचालींचें सूत्र ज्याच्या हातीं असतें तो क्वार्टरबॅक. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं चेंडू त्याच्याकडे येतो आणि तो सोबत्याच्या हातीं द्यावा, दूर धांवणाऱ्याकडे फेंकावा, कीं स्वतःच घेऊन घुसावें, हें त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावें लागतें. तेवढ्या अवधींत प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी त्याला लोळविण्यासाठीं अंगावर येत असतात. त्यानें फेंकलेला चेंडू प्रतिपक्षानें मध्येंच झेलला, तर हातचा डाव उलटतो. म्हणून जयाचें श्रेय जसें प्रथम त्याला, तसा पराजयाचा दोषहि प्रथम त्यालाच.

आतां ह्या शहराचें वैशिष्ट्य पाहूं. अमेरिकेंतील मोठ्या फुटबॉल-संघांचे मालक बहुधा कोट्यधीश असतात. ग्रीन बेच्या संघाला असा मालकच नाहीं. १९१९ सालीं कर्ली लॅम्बो व जॉर्ज कॅल्हून ह्यांनीं हा संघ उभारला. मांस डब्यांत भरणाऱ्या एका कंपनीनें गणवेशासाठीं पैसे दिले, त्यावरून 'पॅकर्स' हें नांव पडलें. १९२३ मध्यें पैशाची अडचण आली तेव्हां संघाचे भाग काढून ते लोकांस विकण्यांत आले. आज ह्या संघाचे पांच लाखांहून अधिक भागधारक आहेत. त्यांना नफ्याची एक कवडीहि मिळत नाहीं, आणि भाग चढ्या किंमतीनें दुसऱ्यास विकतांहि येत नाहीं. तरीसुद्धां तो कागद लोक चौकटींत घालून भिंतीवर लावतात. शहराची वस्ती २०२० च्या शिरगणतींत एक लाख सात हजारांच्या आसपास भरली. 'लॅम्बो फील्ड' ह्या क्रीडांगणावर मात्र ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. हंगामाचीं तिकिटें १९६० पासून पूर्णपणें विकलीं गेलेलीं असून प्रतीक्षेच्या यादींत लाखाहून अधिक नांवें आहेत. तिकिटाचा हक्क घरांतल्या घरांत वारसाहक्कानें चालत येतो. तेव्हां मैदानावरील क्वार्टरबॅक हा त्या लोकांना कोणा धनिकाचा पगारी नोकर वाटत नाहीं, आपल्याच घरांतील कर्ता मुलगा वाटतो. त्याच्याविषयींचा वादहि म्हणूनच घरगुती असतो.

ह्या वादांत मुख्य पक्ष तीन. पहिला पक्ष वडीलधाऱ्यांचा. त्यांचें दैवत बार्ट स्टार. अलाबामा संस्थानांत जन्मलेला हा तरुण १९५६ सालच्या निवडींत सतराव्या फेरींत, दोनशेव्या क्रमांकावर निवडला गेला. इतक्या मागून आलेल्या मुलाकडून कोणाचीच मोठी अपेक्षा नव्हती. परंतु १९५९ मध्यें व्हिन्स लोम्बार्डी हे कडक शिस्तीचे गुरु संघाला लाभले, आणि ह्या अबोल मुलांत त्यांना आपला सेनापति सांपडला. १९६१, १९६२, १९६५, १९६६ आणि १९६७ अशा पांच हंगामांचें अजिंक्यपद ह्या जोडीनें मिळविलें.

स्टारचें नांव काढलें कीं म्हातारे लोक एका सामन्याची गोष्ट सांगितल्यावांचून राहत नाहींत. ३१ डिसेंबर १९६७ रोजीं डॅलसच्या संघाशीं झालेला हा सामना 'आइस बोल' म्हणून प्रसिद्ध आहे. त्या दिवशीं थंडी शून्याखालीं सुमारें पंचवीस अंश सेल्सिअस होती. मैदान गोठून दगडासारखें झालें होतें. पंचांच्या शिट्यासुद्धां निकामी झाल्या. सोळा सेकंद उरले असतां पॅकर्स तीन गुणांनीं मागें होते आणि रेषा एका यार्डाहूनहि जवळ होती. चेंडू खांबांमधून लाथाडून बरोबरी साधणें हा सुरक्षित मार्ग होता. आधींच्या दोन प्रयत्नांत चेंडू घेऊन धांवणाऱ्याचे पाय बर्फावर घसरले होते. स्टारनें लोम्बार्डींशीं दोन शब्द बोलून परत येतांना मनाशीं ठरविलें कीं, आतां चेंडू दुसऱ्याच्या हातीं द्यावयाचा नाहीं. सोबत्यांना वाटलें, चेंडू नेहमींप्रमाणें धांवणाऱ्याकडे जाणार. स्टार स्वतःच जेरी क्रेमरच्या मागोमाग रेषेपलीकडे घुसला. पॅकर्स २१–१७ असे जिंकले.

दुसरा पक्ष आज साठीकडे झुकलेल्यांचा. त्यांचा लाडका ब्रेट फार्व. स्टार निवृत्त झाल्यावर वीस वर्षें ह्या शहरानें बहुतेक अपयशच पाहिलें होतें. मिसिसिपीच्या एका खेड्यांत वाढलेला फार्व १९९२ सालीं अटलांटाच्या संघाकडून येथें आला. त्याच वर्षींच्या २० सप्टेंबरला मुख्य क्वार्टरबॅकला दुखापत झाली म्हणून ह्या बावीस वर्षांच्या पोराला मैदानांत उतरावें लागलें. तेरा सेकंद उरले असतां त्यानें असा चेंडू फेंकला कीं, सिनसिनाटीच्या हातांतील सामना २४–२३ असा फिरला. पुढच्या आठवड्यापासून लीगच्या सलग २९७ सामन्यांत तो आरंभापासून खेळला. त्यांतील २५३ पॅकर्सकडून. हाड मोडो, घोटा मुरगळो, फार्व मैदानावर हजर! जानेवारी १९९७ मध्यें त्यानें एकोणतीस वर्षांनंतर अजिंक्यपद शहरांत परत आणलें. डिसेंबर २००३ मध्यें वडील वारल्याच्या दुसऱ्याच दिवशीं तो ओकलंडविरुद्ध खेळला आणि चार टचडाऊन करविले. तें पाहतांना प्रतिपक्षाच्या प्रेक्षकांनीहि त्याला दाद दिली.

परंतु त्याच्या धाडसाला धरबंध नव्हता. जेथें चेंडू जाण्यासारखी फट नाहीं तेथेंहि तो फेंकावयाचा. साधला तर चमत्कार, फसला तर आकांत! त्याचे ३३६ चेंडू प्रतिपक्षानें मध्येंच झेलले, हा त्या खेळांतील एक विक्रमच आहे. जानेवारी २००८ मधील न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धच्या सामन्यांत पॅकर्सच्या पोशाखांत त्यानें फेंकलेला शेवटचा चेंडूहि प्रतिपक्षाच्याच हातीं गेला.

तिसरा पक्ष तरुणांचा. त्यांचा नायक ॲरन रॉजर्स. २००५ च्या निवडींत पहिल्या कांहीं क्रमांकांत नांव येईल अशा आशेनें बसलेल्या ह्या तरुणाला चोविसाव्या क्रमांकापर्यंत ताटकळावें लागलें. निवड झाली ती ग्रीन बेमध्यें, आणि तेथें तर फार्व ठाण मांडून बसलेला! तीन वर्षें रॉजर्सनें बाकावर बसून काढलीं. पुढें संधि मिळाली तेव्हां मात्र त्यानें चेंडू फेंकण्याची कला एखाद्या गणितासारखी निर्दोष करून दाखविली. फेब्रुवारी २०११ मध्यें त्यानें पिट्सबर्गवर ३१–२५ असा विजय मिळवून अजिंक्यपद आणलें. २०११, २०१४, २०२० आणि २०२१ ह्या चार हंगामांत तो सर्व लीगमधील सर्वोत्तम खेळाडू ठरला. डिसेंबर २०१५ मध्यें डेट्रॉइट येथें घड्याळांत एकहि सेकंद उरला नसतां त्यानें फेंकलेला चेंडू एकसष्ट यार्ड पार करून सोबत्याच्या हातीं पडला आणि सामना जिंकला गेला.

आतां वादाला खरा रंग चढतो. तरुण मंडळी आंकडे पुढें करतात. पॅकर्सकडून लीगच्या सामन्यांत रॉजर्सचे टचडाऊन ४७५ आणि प्रतिपक्षानें झेललेले चेंडू अवघे १०५. फार्वचे टचडाऊन ४४२, झेललेले चेंडू २८६. स्टारचे तर अनुक्रमें १५२ आणि १३८. आंकडेच पाहावयाचे तर निकाल लागला! परंतु वडील मंडळी हंसून विचारतात, "अरे, पण तो काळ कोणता?" हा प्रश्न रास्त आहे. स्टार एका सामन्यांत सरासरीनें सोळा वेळां चेंडू फेंकी. रॉजर्स तीसांहून अधिक वेळां. १९७८ सालीं नियम बदलले. चेंडू झेलणाऱ्याला वाटेंत धक्के देऊन अडविण्यावर निर्बंध आले आणि फेंकणाऱ्याचें काम सोपें झालें. शिवाय हंगामाच्या अखेरच्या, हरला तो बाद अशा सामन्यांचा हिशेब काढला, तर स्टारनें दहांपैकीं नऊ जिंकले. पॅकर्सकडून फार्वनें अशा बावीस सामन्यांत बारा जिंकले, तर रॉजर्सनें एकवीसांत अकरा. म्हणजे आंकडे एकाच बाजूनें साक्ष देतात असेंहि नाहीं.

ह्या तिघांपलीकडेहि एक लहानसा, हट्टी पक्ष आहे. त्यांचा आवडता लिन डिकी. १९८३ सालीं त्याचे एकोणतीस चेंडू प्रतिपक्षानें झेलले. त्यानें अजिंक्यपदहि मिळविलें नाहीं. पण त्याच वर्षीं एका ऑक्टोबरच्या रात्रीं त्याच्या हाताखालीं पॅकर्सनीं वॉशिंग्टनच्या बलाढ्य संघाला ४८–४७ असें हरविलें. ज्यांचें बालपण त्या पडत्या काळांत गेलें, त्यांना त्या एका रात्रीचा उजेड पुरेसा वाटतो. ह्यांना कोणी वेडे म्हणेल. परंतु वादाचें मर्म ह्यांनींच ओळखलें आहे. 'सर्वांत श्रेष्ठ कोण' आणि 'माझा आवडता कोण' हे दोन अगदीं निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचें उत्तर खेळाडूविषयीं सांगतें. दुसऱ्याचें उत्तर देणाराविषयीं.

ह्याची कठोर परीक्षा ग्रीन बेला एकदां द्यावी लागली. मार्च २००८ मध्यें फार्वनें निवृत्ति जाहीर केली, पुढें विचार बदलला. पण तोंवर संघानें रॉजर्सला नेमलें होतें. फार्व प्रथम न्यूयॉर्क जेट्सकडे आणि २००९ मध्यें थेट पॅकर्सच्या हाडवैरी मिनेसोटा संघाकडे गेला. शहरांत दुफळी माजली. कोणी संघाला कृतघ्न म्हणे, कोणी फार्वला फितूर. सरावाच्या वेळीं कांहीं प्रेक्षकांनीं बिचाऱ्या रॉजर्सचीच हुर्यो उडविली. १ नोव्हेंबर २००९ रोजीं फार्व परक्या पोशाखांत लॅम्बो फील्डवर उतरला, तेव्हां ज्यांनीं त्याला सोळा वर्षें डोक्यावर घेतलें त्यांनींच त्याचा धिक्कार केला. तो सामना फार्वनेंच जिंकला.

स्टारची गोष्ट ह्याच्या अगदीं उलट. १९७५ ते १९८३ अशीं नऊ वर्षें तो संघाचा प्रशिक्षक होता आणि तेथें त्याला जयापेक्षां पराजयच अधिक आले. शेवटीं त्याला काढून टाकण्यांत आलें. तरीहि शहराचें त्याच्यावरील प्रेम तिळमात्र उणें झालें नाहीं. एकजण हरला तरी आपला राहिला; दुसरा जिंकला तरी परका झाला. ह्यावरून प्रेमाचा हिशेब जयापजयाच्या वहींत मांडतां येत नाहीं, हें उघड होतें.

मात्र घरगुती रागाला मुदत असते. जुलै २०१५ मध्यें फार्वचा सन्मान झाला, त्या दिवशीं सामना नसतांहि साठ हजारांहून अधिक लोक क्रीडांगणांत जमले. त्याच वर्षीं २६ नोव्हेंबरच्या पावसाळी, थंड रात्रीं त्याचा ४ हा क्रमांक कायमचा राखून ठेवल्याचा समारंभ झाला. त्या वेळीं एक्याऐंशी वर्षांचा स्टार, आदल्या वर्षीं अर्धांगवायूचे व हृदयविकाराचे झटके आलेले असतांहि, मैदानांत आला. त्याला पाहून उठलेला जयघोष कितीतरी वेळ थांबेना. त्या रात्रींचा सामना खेळत होता रॉजर्स. तीन पिढ्यांचे तीन नायक त्या रात्रीं एकाच मैदानावर होते. पॅकर्स तो सामना हरले; पण त्या रात्रीची आठवण काढणारे गुणफलकापासून आरंभ करीत नाहींत.

स्टार २६ मे २०१९ रोजीं वारला. रॉजर्सहि एप्रिल २०२३ मध्यें, फार्वप्रमाणेंच, न्यूयॉर्क जेट्सकडे गेला, आणि त्याच्यामागें तीन वर्षें बाकावर बसलेला जॉर्डन लव्ह पुढें आला. म्हणजे आजच्या बालकांसाठीं चौथा पक्ष तयार होत आहे.

प्रस्तुत लेखकाचें मत विचाराल तर तें असें. चेंडू फेंकण्याचें कसब तोलावयाचें असेल तर रॉजर्सला तोड नाहीं, आणि मनाला वेड लावण्यांत फार्वला. परंतु घराचा भार कोणावर टाकावा असें विचारलें, तर स्टारचेंच नांव ओठांवर येतें. सोळा सेकंद उरलेले असतां ज्यानें दुसऱ्याला बर्फावर घसरूं न देतां धोका स्वतःच्या अंगावर घेतला, आणि पुढें अपयशाचीं नऊ वर्षें ज्यानें कटुता न येऊं देतां सोसलीं, त्याच्यावर विसंबतां येतें. हें मत तरुण वाचकांस पटेलच असें नाहीं; पटूंहि नये. ज्या घरांत आजोबा व नातू एका गोष्टीसाठीं इतक्या हिरीरीनें भांडूं शकतात, त्या घरांत आजोबांचे दिवस नातवाला आपोआप कळतात. असा वाद मिटण्यापेक्षां चालू राहण्यांतच घराचें हित आहे.