दूधसागरच्या पायथ्याचा डोह

बेळगावहून खानापूर व रामनगर मागे टाकून अनमोडचा घाट उतरू लागले की गोव्याच्या हद्दीत जे घनदाट अरण्य लागते, त्यास भगवान महावीरांचे नाव आहे. आपल्या व्यापारी बांधवांपैकी पुष्कळांनी हा घाट मालमोटारीतून अगर स्वतःच्या गाडीतून अनेकदा उतरला असेल. परंतु मोलेच्या नाक्यावर थांबून तेथील फलक वाचण्याइतकी सवड फार थोड्यांनी काढली असेल. गोवा मुक्त झाल्यावर आठ वर्षांच्या आत, १९६९ साली, या वनास अभयारण्याचा दर्जा मिळाला. सगळे क्षेत्र सुमारे २४० चौरस किलोमीटर. त्यापैकी १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ साली मोले राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. हैदराबादच्या सभासदांस त्यांच्या शहरातील महावीर हरिण वनस्थळी परिचित आहेच. तिला हे नाव १९७५ साली, भगवंतांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या सुमारास लाभले. अशा नावाची दोन अरण्ये आपल्या वसतीच्या ठिकाणांजवळ असावीत आणि त्यांची माहिती आपणांपेक्षा परक्या प्रवाशांस अधिक असावी, हे काही बरे नव्हे.

या लेखाचे प्रयोजन मात्र निराळे आहे. आपल्या तरुण मंडळींनी यंदा दूधसागरच्या डोहापर्यंत पायी सहल नेण्याचा विचार चालविला असून, त्यावर वडीलधाऱ्यांत दोन तट पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, पाण्याच्या वाटेस जाऊच नये; दुसरा पक्ष या प्रकरणी मौन बाळगून आहे. माझे मत असे की मुलांनी जावे, मुली-सुनांनीही जावे. मात्र पाणी म्हणजे काय वस्तू आहे हे समजून जावे. बंदी घातल्याने मुले थांबत नाहीत. ती आपणांस न सांगता, भर पावसाळ्यात, रेल्वेच्या रुळांवरून जातात.

मांडवी नदी सह्याद्रीच्या माथ्यावरून खाली येते तो हा दूधसागर. उंची सुमारे ३१० मीटर, म्हणजे हजार फुटांहून थोडी अधिक. पाणी एका उडीत पडत नाही. टप्प्याटप्प्याने, खडकावर आपटत, फेसाळत उतरते, आणि त्याच्या समोरून पुलावरून रेल्वे जाते. पायथ्याशी खडकांच्या कोंडाळ्यात मोठा डोह आहे. मोलेजवळ नदीनेच कोरलेली एक अरुंद घळ आहे. तिला इंग्रजीत डेव्हिल्स कॅनियन, म्हणजे सैतानाची घळ, असे नाव पडले आहे. तेथे पाणी वरून स्वस्थ दिसते आणि पोटात ओढ घेते. ती घळ काठावरून पाहावी, पाण्यात पाऊलही घालू नये.

असे डोह होतात कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. पुरात वाहत आलेला गोटा खडकाच्या एखाद्या खोलगटात अडकतो. भोवऱ्यासरशी तो गरगर फिरतो, खालचा खडक घासतो आणि स्वतःही झिजतो. तो झिजून संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो. आपल्या धंद्यातील माणसास सांगावयाचे तर हे जाते आहे: वरची पाळी गोट्याची, खालची खडकाची, आणि खुंटा धरून फिरविणारी नदी. हजारो वर्षे हे दळण चालले म्हणजे रांजणासारखे गुळगुळीत खळगे तयार होतात. पारनेर तालुक्यातील निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात अशा रांजणखळग्यांची रांगच्या रांग पाहावयास मिळते. धबधब्याखालचा डोह मुख्यतः पडत्या पाण्याच्या मारानेच खोल होत जातो. म्हणून जेथे धार पडते तेथेच तो सर्वांत खोल असतो. काठावर गुडघाभर असलेले पाणी दोन पावलांवर पुरुषभर होते, ते याच कारणाने. नदीचा तळ तळ्यासारखा हळूहळू उतरत नाही, हे प्रथम ध्यानात धरावे.

दुसरे, पाण्याचे माप डोळ्यांनी घेऊ नये. प्रकाशाचे किरण पाण्यातून बाहेर येताना वळतात. त्यामुळे स्वच्छ पाण्याचा तळ वरून पाहता खऱ्या खोलीच्या सुमारे तीन चतुर्थांशावर दिसतो. बारा फुटांचा डोह नऊ फुटांचा भासतो. दुकानदाराने असे माप दिले तर आपण त्यास लबाड म्हणू. निसर्गाच्या ठायी लबाडी नाही, पण गिऱ्हाइकाने मात्र सावध असावे. तिसरे, धारेच्या थेट खाली जे पांढरे फेसाळ पाणी असते त्यात हवा मिसळलेली असते. असे पाणी हलके असते, आणि हलके पाणी माणसास नेहमीइतके तोलून धरीत नाही. चांगला पोहणाराही तेथे अधिक बुडतो. वरून येणारी धार त्यास खाली रेटते आणि तळाची ओढ पुन्हा धारेखालीच आणून सोडते. चौथी गोष्ट वजनाची. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, क्विंटलभराची दहा पोती. आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. हमालांच्या पाठीवरची पोती आयुष्यभर मोजणाऱ्यास हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. गुडघाभर वाहत्या पाण्यात धडधाकट गडी आडवा होतो, तो उगाच नव्हे.

आमच्या बाजारातील एका अडत्याचा एकुलता मुलगा काही वर्षांपूर्वी अशाच एका डोहात गेला. वय एकोणीस. पोहावयास उत्तम येत होते. विहिरीत पाच पुरुष खोलीवरून खडा काढून आणी. सोबतीच्या मुलांनी नंतर सांगितले की तो बुडताना ओरडला देखील नाही. ते आठ-दहा हातांवर शेंगा खात बसले होते. बुडणारा माणूस हाका मारतो ही समजूत चुकीची आहे. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीशी असते, श्वास घेण्यापुरतीही उसंत नसते. हाक कोठून मारणार? पुढे वर्षभर तो अडत्या दुकानात येऊन बसे, सौदे बोलत नसे. विहिरीचे पोहणे निराळे आणि नदीचे निराळे, एवढी एकच गोष्ट त्या मुलास कोणी सांगितली असती तर, असे आम्हांस आजही वाटते.

म्हणून ऋतू प्रथम. आपल्याकडे चातुर्मासात मुनिजन एके ठिकाणी राहतात. पावसाळ्यात जमीन जीवांनी भरलेली असते, पाऊल टाकावे तेथे हिंसा घडते, हा त्यामागील विचार. मला तर या नियमात व्यवहारही दिसतो. २०२३ च्या जुलैत गोव्यातील नेत्रावळी अभयारण्यात मैनापी धबधब्यावर दोन माणसे बुडाली आणि वनखात्यास अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घालावी लागली. त्याच महिन्यात दूधसागरकडे रुळांवरून निघालेल्या तरुणांच्या जथ्यास रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढावयास लावल्या. उठाबशांनी कितीसे शहाणपण आले कोण जाणे! रुळांवरून चालणे हा गुन्हा आहे, आणि त्या घाटात बोगद्यांतून गाडी आली तर बाजूस सरकावयासही जागा सापडत नाही.

सरळ मार्ग कुळे गावाहून आहे. पावसाळा सरल्यावर, साधारणतः ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत, तेथून वनखात्याच्या परवानगीने जीपगाड्या सुटतात. त्या दहा-बारा किलोमीटर रानातून, ओढ्यांच्या पाण्यातून वाट काढीत जातात. पुढे सुमारे एक किलोमीटर दगडधोंड्यांतून पायी चालावे लागते. ज्यांस चालण्याचीच हौस आहे त्यांनी वनखात्याच्या कचेरीत अगोदर चौकशी करावी आणि वाटाड्या घेतल्यावाचून रानात शिरू नये. डोहावर तरंगण्याचे जाकीट घालणे सक्तीचे आहे. आपली मुले त्यास हसतात. हसू द्यावे, पण घालावयास लावावे. पायांत पकड असलेले कापडी बूट हवेत, कारण शेवाळलेल्या खडकावर चप्पल घातलेला माणूस उभा राहील याची हमी कोणी देऊ नये. आकाश निरभ्र असूनही वर घाटात पाऊस पडलेला असू शकतो. निवळ पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, किंवा पाण्याचा आवाज बदलला, तर डबा, कपडे, जे काय काठावर असेल ते तेथेच टाकून वर चढावे.

आता डोहातील इतर रहिवाशांविषयी. आपल्या घरांत पाणी गाळून पितात, आणि गाळण्यावर राहिलेले जीव ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत परत सोडण्याची जुनी चाल आहे. आमच्या आजी तसे करीत, आणि शाळेत जाऊ लागलेली आम्ही नातवंडे त्यांस हसत असू. आज जीवशास्त्र शिकलेली मुले सांगतात की एका ठिकाणच्या पाण्यातील जीव दुसरीकडे नेऊन टाकणे खरोखरच घातक ठरते. डोहाच्या दगडांखाली चतुरांची पिल्ले असतात, बेडकांची पिल्ले असतात. पृष्ठभागावर लांब पायांचे कीटक न बुडता धावताना दिसतात. पाण्याच्या वरच्या थराचा ताण त्यांस पेलून धरतो. साबण पाण्यात गेला की तो ताण मोडतो आणि हे कीटक बुडतात. तेव्हा तेथे साबण लावून स्नान करणे म्हणजे एका अर्थी त्यांच्या घराची जमीनच काढून घेणे होय. अंगास तेल अगर मलम चोपडूनही उतरू नये. माशांस चुरमुरे-बिस्किटे घालणे हे पुण्यकर्म आहे असे काही बंधूंस वाटते; माकडांस केळी देणे हेही. त्या जीवांचे अन्न त्या रानात आहे. आपल्या दानाने माकडे माणसांच्या पिशव्या हिसकू लागली आहेत, आणि मग त्यांनाच काठ्या खाव्या लागतात.

याच अरण्यातून १८८८ साली पूर्ण झालेला कॅसलरॉक ते मुरगाव हा लोहमार्ग जातो. घाटाचा चढ ३७ स १ इतका कडक असल्याने मालगाडीस जादा इंजिने जोडावी लागतात. या मार्गाचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि विजेच्या मोठ्या वाहिनीसाठी झाडे तोडणे या तीन योजनांविरुद्ध २०२० पासून गोव्यात मोठी चळवळ झाली. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या लोहमार्गाच्या दुपदरीकरणास मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली. आपण व्यापारी. वाघिणी वेळेवर मिळाव्यात, वाहतूक स्वस्त व्हावी, हे आपणांस हवेच असते, आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. परंतु मार्चनंतरही त्या डोहात पाणी राहते ते वरच्या रानाने पावसाचे पाणी धरून ठेवून हळूहळू सोडल्यामुळे. कोठारातील बियाणे विकून त्या वर्षीचा नफा दाखविणाऱ्यास आपण शहाणा व्यापारी म्हणत नाही. माझे मत तरी न्यायालयाच्या बाजूचे आहे. सभासदांपैकी ज्यांचे निराळे असेल त्यांनी पुढील अंकात अवश्य मांडावे.

ज्या ज्येष्ठांचे गुडघे दगडधोंड्यांची वाट पत्करण्याजोगे राहिले नाहीत, त्यांनी त्या दिवशी तांबडी सुर्ल्यास जावे. मोलेहून ते फार दूर नाही. कदंबकाळातील, बाराव्या-तेराव्या शतकातील, काळ्या दगडाचे लहानसे महादेव मंदिर रानात आहे. शेजारून ओढा वाहतो. सुक्या दिवसांत त्यात पाय सोडून बसता येते आणि लहान मुलांवर नजरही राहते. परतीच्या वाटेवर वेळ असल्यास फोंड्याजवळील बांदिवडे येथील नेमिनाथ बस्तीचे अवशेष पाहावेत. डिचोलीकडून येणाऱ्यांस कुडणे येथील जैन बस्तीचे अवशेष सोयीचे पडतील. गोव्यात आपले लोक आजकाल आले नाहीत, याची खूण त्या दगडांत आहे.

सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचा आपला नियम असल्याने डोहावरून तीन वाजता निघणे भागच आहे, आणि वनखात्याचा आग्रहही रानातून उजेडी बाहेर पडण्याचाच असतो. सोबत दशम्या, भाजलेले शेंगदाणे, घरून गाळून नेलेले पाणी धातूच्या भांड्यांत घ्यावे. प्लास्टिकच्या पिशव्या नेऊच नयेत. जीपमध्ये जागा मोजक्या असतात व सुटीच्या दिवशी कुळ्यास सकाळी लवकर रांग लागते, यास्तव सहलीत येऊ इच्छिणाऱ्यांनी आपली नावे, वये आणि पोहता येते किंवा नाही, हे तिन्ही तरुण मंडळींकडे आगाऊ लिहून द्यावे. तिसऱ्या रकान्यात खोटे लिहू नये.