रुग्णालयातील औषधसाठवण व तातडीची औषधगाडी

रुग्णालयातील औषधसाठवण : रुग्णालयाचे औषधभांडार, रुग्णकक्ष (वॉर्ड), शस्त्रक्रियागृह व अतिदक्षता विभाग येथे औषधांचा गुण टिकेल, चुकीचे औषध हाती पडणार नाही आणि हवे ते औषध हव्या त्या क्षणी मिळेल अशा रीतीने ती ठेवण्याची व्यवस्था. यांपैकी पहिल्या दोन हेतूंसाठी औषध बंदिस्त असावे लागते, तर तिसऱ्यासाठी ते हाताशी असावे लागते. या विरोधातून काढलेली वाट म्हणजे तातडीची औषधगाडी (क्रॅश कार्ट) होय.

साठवणीच्या अटी : उष्णता, प्रकाश व आर्द्रता यांमुळे औषधांचे विघटन होते. इन्शुलीन, ऑक्सिटोसीन व बहुतेक लसी २° ते ८° से. तापमानात प्रशीतकात ठेवतात. इन्शुलीन गोठल्यास निरुपयोगी ठरते. म्हणून ते बर्फाच्या कप्प्यास लागून ठेवीत नाहीत. प्रशीतकातील तापमानाची नोंद रोज ठरावीक वेळी करतात व त्यात खाद्यपदार्थ ठेवीत नाहीत. अनेक औषधांच्या वेष्टनावर ‘३०° से.खाली ठेवावे’ अशी सूचना असते; विदर्भासारख्या भागात, जेथे उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या वर जाते, तेथे भांडाराच्या खोलीचे तापमानही मोजणे अगत्याचे ठरते. सोडियम नायट्रोप्रुसाइडासारखी प्रकाशाने बिघडणारी औषधे मूळ वेष्टनातच ठेवतात. मुदत आधी संपणारी औषधे पुढे व नंतरची मागे मांडतात. मॉर्फीन, फेंटानिल इ. औषधांना गुंगीकारक औषधे व मनोव्यापारप्रभावी पदार्थ अधिनियम, १९८५ लागू असून ती कुलूपबंद कपाटात ठेवून प्रत्येक कुपीचा हिशेब नोंदवहीत लिहितात.

धोक्याची औषधे : पोटॅशियम क्लोराइडाच्या १५% संहत द्रावणाच्या १० मिलि. कुपीत २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. ते विरल न करता शिरेतून झपाट्याने दिल्यास हृदय बंद पडते. निर्जंतुक पाणी वा लवणद्राव यांच्या कुप्याही आकाराने तशाच असल्याने गफलत संभवते. अमेरिकेतील जॉइंट कमिशन या संस्थेने १९९८ मध्ये आपली पहिली धोकासूचना याच द्रावणासंबंधी काढली व ते रुग्णकक्षातून हलविण्याची शिफारस केली. जेथे ते ठेवणे अटळ असते, तेथे स्वतंत्र कप्प्यात, ठळक खूणचिठ्ठी लावून व कुलपात ठेवतात. डोपामीन व डोब्युटामीन यांसारखी नामसदृश औषधेही शेजारी ठेवीत नाहीत. वर्णानुक्रमे मांडणी केल्यास ती नेमकी एकत्र येतात, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

तातडीची औषधगाडी : छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी १९६० मध्ये बॉल्टिमोर येथून प्रसिद्ध केली. त्यानंतर रुग्णाच्या खाटेपाशीच सर्व साधने नेण्याची गरज भासू लागली व त्या दशकात अमेरिकेत चाकांच्या औषधगाड्या प्रचारात आल्या. गाडीवर हृदयास विद्युत् आघात देणारे यंत्र (डीफिब्रिलेटर), ऑक्सिजन, हवा भरण्याची पिशवी, शोषणयंत्र, श्वासनलिकेत घालावयाच्या नळ्या व पाठीखाली घालावयाची फळी असते. खणांत ॲड्रेनॅलीन, ॲमिओडॅरोन, ॲट्रोपीन, कॅल्शियम ग्लुकोनेट, डेक्स्ट्रोज इ. औषधे असतात.

कुप्यांची संख्या उपचारावरून ठरते. हृदय बंद पडले असता प्रौढास ॲड्रेनॅलीन दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिग्रॅ. देतात, म्हणजे अर्ध्या तासास १० पर्यंत कुप्या लागू शकतात. सर्व कक्षांतील गाड्यांची मांडणी एकसारखी ठेवतात. त्यामुळे बदलून आलेल्या परिचारिकेसही खण शोधावा लागत नाही. गाडीस किल्लीचे कुलूप न लावता क्रमांक असलेले प्लॅस्टिकचे मोहोरबंद लावतात. ते हाताने तुटते, पण तुटल्याचे लपत नाही. प्रत्येक पाळीच्या आरंभी मोहोरेचा क्रमांक, ऑक्सिजनचा दाब व विद्युत् यंत्र तपासतात. ठरावीक काळाने गाडी उघडून औषधांची मुदत पाहतात आणि वापरानंतर लगेच भरून पुन्हा मोहोरबंद करतात.

या व्यवस्थेत दोष बहुधा दोन मार्गांनी शिरतात. एक, नेहमीच्या उपचारासाठी गाडीतून ‘तात्पुरती’ उचललेली कुपी परत ठेवली जात नाही. दुसरा, असावे म्हणून वाढविलेल्या औषधांच्या गर्दीत आवश्यक औषध दिसत नाही. दोन्ही दोष निर्धोक दिवशी लक्षात येत नाहीत. ते उघड होतात तेव्हा रुग्णाच्या हाती काही मिनिटेच उरलेली असतात. म्हणून गाडीची तपासणी हे लेखनिकी काम नसून उपचाराचाच भाग मानतात.