खेळाचे कुलूप कुणाच्या घरात?

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागले की सतरा-अठरा किलोमीटरवर देवळी लागते. गावाभोवती कपाशीची शेते. इथल्या कुणाही शेतकऱ्याला विचारा, "यंदाच्या संकरित कपाशीची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली तर?" तो हसेल. सरकी उगवेल, पण एक झाड उंच, एक ठेंगणे, बोंडे कुठे भरलेली तर कुठे किरकोळ. संकरित वाणाचा जोम पहिल्या पिढीत असतो. दुसऱ्या पिढीत आईबापांचे गुण पुन्हा वेगवेगळे वाटले जातात. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी 'एच-४' ही जगातली पहिली व्यापारी संकरित कपाशी तयार केली. तेव्हापासून संकरित बियाणे म्हणजे दरवर्षी नवे विकत घेणे आले. नक्कल होऊ नये म्हणून निसर्गानेच जणू बियाण्याला कुलूप घातले आहे. पण ध्यानात ठेवा, हे कुलूप बियाण्याच्या आत असते. ते शेतकऱ्याच्या घरात शिरून त्याच्या ज्वारीच्या कणग्या तपासत बसत नाही.

आता देवळीतलाच दुसरा प्रसंग सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत मी बहिणीकडे गेलो होतो. माझ्या सातवीतल्या भाच्याला कपाटात संगणकावरच्या खेळाची एक जुनी चकती सापडली. त्याच्या वडिलांनी वीसेक वर्षांपूर्वी नागपुरात पक्की पावती करून घेतलेली. चकती वाचायचे यंत्र शेजाऱ्यांकडून मागून आणले, नव्या संगणकाला जोडले. खेळ संगणकावर उतरला, चिन्हही दिसू लागले. पण सुरू काही होईना. भाचा म्हणाला, "मामा, तुम्हीच बघा, चकतीवर एक ओरखडा नाही! आणि माझ्या मित्राकडे हाच खेळ फुकट उतरवलेला आहे, तो मात्र चालतो."

मित्रांनो, चकती खरी, संगणक नवा, खेळही शाबूत. बिघडले होते ते खेळाचे कुलूप. पैसे देणाऱ्याचा खेळ बंद आणि चोराचा चालू, हा उलटा न्याय झाला कसा?

कुलूप लावावे का लागते ते आधी पाहू. ध्वनिफितीची नक्कल केली की थोडी खरखर वाढते. नकलेची नक्कल केली की आणखी. संगणकावरची माहिती मात्र शून्य आणि एक या दोन अंकांत लिहिलेली असते. हजारावी प्रतही पहिलीइतकीच चोख. एक खेळ घडवायला कित्येक माणसांची वर्षे खर्ची पडतात आणि त्याची नक्कल काही मिनिटांत होते. तेव्हा खेळ बनवणाऱ्याने कुलूप शोधले यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच, की ते लावायचे कुठे?

सर्वांत साधी जागा म्हणजे पुस्तक. १९८९ साली जॉर्डन मेक्नर यांचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ आला. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात तो पुष्कळ संगणकांवर दिसे. त्यात पहिला टप्पा संपला की राजपुत्रासमोर अक्षरे लिहिलेल्या औषधाच्या बाटल्या येत. पुस्तिकेच्या अमुक पानावरील तमुक ओळीतल्या एका शब्दाचे पहिले अक्षर शोधायचे आणि त्याच अक्षराची बाटली प्यायची. ज्याच्याकडे पुस्तिका नाही तो अडला. (झेरॉक्सच्या दुकानाने हे कुलूप उघडले, हे सांगायला नकोच.)

दुसरी जागा चकतीची. फ्लॉपी चकतीवर माहितीचे छोटे छोटे कप्पे असतात. कारखान्यात त्यातला एखादा कप्पा मुद्दाम बिघडवून ठेवीत. नक्कल करणारी आज्ञावली त्या कप्प्यापाशी अडखळे किंवा तिथे चांगला कप्पा लिहून मोकळी होई. खेळ सुरू होताना नेमका तोच कप्पा वाचून पाही. वाचता आला तर प्रत खोटी, वाचता आला नाही तर खरी! पुढे सीडी आल्या तेव्हा हीच युक्ती सुधारून वापरली गेली. घरगुती यंत्राला हुबेहूब उमटवता येणार नाहीत अशा काही जागा सीडीवर ठेवल्या जाऊ लागल्या.

तिसरे कुलूप तर मराठी छापखान्यांच्या ओळखीचे. लग्नपत्रिका जुळवणाऱ्या कुणालाही 'लॉक' म्हणजे काय ते विचारा. संगणकाच्या मागच्या खाचेत बसवायचा अंगठ्याएवढा ठोकळा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी' आणि सी-डॅकची 'आयएसएम' या मराठी अक्षरांच्या आज्ञावल्या अशा लॉकसह विकल्या जात. ठोकळा खाचेत असेल तरच काम चाले. रात्री तो काढून गल्ल्यात ठेवणारे छापखानेवाले मी पाहिले आहेत.

पुस्तक, चकती, ठोकळा. यातली पहिली दोन कुलुपे तरी तुमच्या संगणकाच्या आत कायमचे ठाण मांडून बसत नव्हती. पुढे तेही झाले. कसे, ते कळायला संगणकाची रचना थोडी पाहावी लागेल.

जुन्या वाड्यात पाहुणा ओसरीवर बसतो. त्याला पाणी हवे असले तर तो हाक मारतो, घरचे माणूस माजघरातून आणून देते. पाहुणा स्वतः स्वयंपाकघरात शिरत नाही, तिजोरीकडे तर नाहीच. संगणकाच्या मेंदूतही, म्हणजे प्रोसेसरमध्ये, अशी वलये आखलेली असतात. सर्वांत आतले शून्यावे, बाहेरचे तिसरे. तुमचा खेळ, चित्र काढायची किंवा पत्र लिहायची आज्ञावली ही सगळी तिसऱ्या वलयातली, ओसरीवरची मंडळी. चकती वाचायची असेल तर त्यांनी विंडोजला विनंती करायची. शून्याव्या वलयात विंडोजचा गाभा असतो आणि त्याच्या जोडीला ड्रायव्हर नावाच्या आज्ञावल्या, ज्या छापयंत्र, पडदा, चकती यांच्याशी थेट बोलतात. ओसरीवरचा एक पाहुणा चुकला तर तो खेळ तेवढा बंद पडतो. शून्याव्या वलयातला चुकला तर सारा वाडा खाली येतो, निळा पडदा दिसतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या अशाच आतल्या आज्ञावलीत एक चुकीची फाइल गेली आणि जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक आडवे झाले. आपल्या देशात विमानतळावर हाताने लिहिलेले प्रवेशपास द्यावे लागले.

आता खेळाचे कुलूप या माजघरात का शिरले? सीडीची तपासणी सुरू झाल्यावर काही हुशार मंडळींनी 'आभासी सीडी' काढली. यंत्रात चकती नसतानाही ती विंडोजला चकती असल्याचे भासवी. ओसरीवरून विचारणाऱ्या खेळाला हा बनाव कळेना. म्हणून कुलूपवाल्यांनी ठरवले, मधल्या माणसाला विचारायचेच नाही, आत जाऊन यंत्राशी थेट बोलायचे. सेफडिस्क आणि रशियातले स्टारफोर्स ही कुलुपे खेळासोबत स्वतःचा ड्रायव्हरही आत बसवू लागली. स्टारफोर्सबद्दल ग्राहकांच्या तक्रारी इतक्या झाल्या की २००६ साली युबिसॉफ्ट कंपनीने ते वापरणे सोडून दिले.

पण खरा भडका उडाला तो खेळाच्या नव्हे, गाण्याच्या चकतीवरून. ऑक्टोबर २००५. अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच आपलाच संगणक तपासत होते. लपलेल्या गोष्टी हुडकणारी आज्ञावली त्यांनी स्वतः लिहिली होती, तिची चाचणी चालली होती. त्यांच्या संगणकात कुणीतरी लपून बसलेले निघाले! माग काढता काढता ते सोनी-बीएमजीच्या एका गाण्याच्या सीडीपाशी पोहोचले. सीडी त्यांनी विकतच घेतली होती. तिच्यातल्या कुलपाने विंडोजच्या गाभ्यात बदल केला होता. डॉलरचे चिन्ह, मग 'एसवायएस' ही अक्षरे, मग पुन्हा डॉलरचे चिन्ह, अशी ज्या फाइलच्या नावाची सुरुवात असेल ती फाइल विंडोजला दिसेनाशी व्हायची. कुलूप काढून टाकायची सोय दिलेली नव्हती. हाताने ओढून काढले तर सीडीचे यंत्रच बंद पडे.

यातली गंमत, आणि धोकाही, पुढे आहे. अदृश्य करणारी ही टोपी कुणाच्याही डोक्यावर बसत होती. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळात लबाडी करणाऱ्यांनी आपल्या आज्ञावल्यांना तसलीच नावे दिली, आणि खेळाचा पहारेकरी त्यांना पाहू शकेना. नोव्हेंबरात तर विषाणू लिहिणाऱ्यांनीही ती टोपी घातली. कंपनीने कुलूप काढायची आज्ञावली दिली, तर तिनेच संगणकात नवे भोक पाडले. शेवटी त्या सीडी बाजारातून परत मागवाव्या लागल्या.

भाच्याच्या चकतीचे कोडे आता सुटते. सेफडिस्कच्या ड्रायव्हरमध्ये २००७ साली एक खिंडार सापडले. ओसरीवरच्या आज्ञावलीला त्यातून थेट शून्याव्या वलयात उडी घेता येत होती. हा ड्रायव्हर विंडोज एक्सपीसोबतच येत असल्याने, आयुष्यात एकही खेळ न खेळलेल्या माणसाच्या संगणकातही ते खिंडार होते. मायक्रोसॉफ्टने त्या डिसेंबरात ते बुजवले. पुढे २०१५ साली विंडोज १० निघाले तेव्हा या जुन्या कुलुपांना आत जागाच ठेवली नाही, आणि त्याच सप्टेंबरात जुन्या विंडोजवरही तो ड्रायव्हर बंद केला. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरोबरच होते. मात्र खेळ सुरू होताना कुलपाला विचारतो, कुलूप जागेवर नसते, आणि खेळ गप्प बसतो. मित्राच्या चोरीच्या प्रतीतून हा विचारण्याचा भागच काढून टाकलेला, म्हणून ती बिनधास्त चालते. (अशा प्रतींतून विषाणूही पुष्कळदा येतात, तेव्हा मित्राचा हेवा नको.)

दरम्यान कुलूप आणखी लांब गेले. २००८ साली 'स्पोअर' हा खेळ आला. विकत घेतलेली प्रत सुरुवातीला तीनच वेळा संगणकावर बसवून चालू करता येई. ओरड झाल्यावर मर्यादा पाचवर नेली. फोडलेली प्रत विक्रीच्या आधीच पसरली होती! २०१० साली युबिसॉफ्टने (याच कंपनीचे एक केंद्र २००८ साली पुण्यात सुरू झाले) असे ठरवले की खेळताना इंटरनेट सतत जोडलेले हवे. मार्चमध्ये कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाला आणि पैसे भरलेले खेळाडू खेळाबाहेर राहिले. त्यांच्याच 'द क्रू' या २०१४च्या खेळाचे केंद्रीय संगणक ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले, तेव्हा ज्यांच्या घरी चकती होती त्यांचाही खेळ संपला. कुलूप आता घरातही नाही, चकतीतही नाही. ते दूर कुणाच्या तरी ताब्यात आहे. देवळीसारख्या गावात, जिथे पावसाळ्यात लाइन कधी जाईल याचा नेम नसतो, तिथे सतत जोडलेले राहा हे सांगणे मला तरी थट्टा वाटते.

आपला कायदा काय म्हणतो? २०१२ साली प्रताधिकार कायद्यात ६५ अ हे कलम आले. हक्कभंग करण्याच्या हेतूने असे कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्याच कायद्याचे ५२वे कलम रीतसर प्रत घेणाऱ्याला, ती हरवेल वा खराब होईल या भीतीने, जपणुकीसाठी नक्कल करू देते. हेतूचा उल्लेख कायद्यात आहे हे मला महत्त्वाचे वाटते. स्वतःच्या चकतीवरचा खेळ खेळू पाहणारा मुलगा आणि हजार प्रती विकणारा दुकानदार यांत फरक आहे.

तुमच्या संगणकाच्या माजघरात कोण कोण बसले आहे, हे पाहायचे आहे? विंडोजमध्ये आज्ञा लिहायची काळी खिडकी, कमांड प्रॉम्प्ट, उघडा. तिथे 'ड्रायव्हर' आणि 'क्वेरी' हे दोन इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता जोडून लिहा आणि एंटर दाबा. लांबलचक यादी येईल. ती वाचा, वहीत उतरवा, पण काहीही पुसू नका. त्यातल्या बहुतेकांशिवाय संगणक चालणार नाही. काही खेळांचे पहारेकरीही यादीत सापडतील. 'व्हॅलोरंट' खेळाचा 'व्हॅनगार्ड' २०२०पासून संगणक सुरू होतानाच आत येऊन बसतो. तो नक्कल नव्हे, खेळातली लबाडी रोखायला असतो. जागा मात्र तीच.

आणि भाच्याचा खेळ? गावातल्या एका छापखान्यात विंडोज एक्सपीचा जुना संगणक होता. मागच्या खाचेत बसणारा त्यांचा जुना लॉक नव्या संगणकाला लागत नाही, म्हणून काकांनी तो जपून ठेवलेला. इंटरनेट त्याला कधीच जोडलेले नव्हते, त्यामुळे जुन्या खिंडारांची धास्ती कमी. लग्नसराईला अजून अवकाश होता. काकांनी लॉक लावलेला तसाच ठेवला आणि खुर्ची भाच्याकडे सरकवली. चकती गरगरली, कुलपाने तिला तपासले, ओळखले आणि खेळ सुरू झाला. दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचलो, तेवढ्यात लाइन गेली.